सेल बदलूनही पुन्हा पुन्हा बंद पडणारी रिमोट किल्ली : घरच्या घरी निदान आणि दुरुस्ती

गाडीच्या रिमोट किल्लीची एक तक्रार अशी असते की ती दूर झाली असे वाटते आणि काही आठवड्यांत जशीच्या तशी परत येते. बटण दाबले तरी दारे उघडत नाहीत, मग दोन-तीनदा जोराने दाबल्यावर उघडतात, पुढे गाडीच्या अगदी जवळ जावे लागते आणि शेवटी काहीच होत नाही. नवा सेल घातला की किल्ली पहिल्यासारखी चालू लागते आणि दोष सेलचाच होता अशी आपली खात्री पटते. माझ्या किल्लीत मी याच समजुतीने एका वर्षात तीन सेल घातले. चौथा घालण्यापूर्वी काढलेला सेल मल्टिमीटरवर मोजला, तेव्हा तो ३.०५ व्होल्ट दाखवत होता. टाकून देण्यासाठी बाजूला ठेवलेले आधीचे दोन सेल मोजले, तर तेही ३ व्होल्टच्या वरच होते. म्हणजे वर्षभर मी चांगले सेल काढून त्यांच्या जागी चांगलेच सेल घालत होतो आणि खरा दोष आत तसाच राहत होता.

असे होण्याचे कारण समजून घेतल्याशिवाय पुढचे निदान नीट होत नाही. कवच उघडताना, जुना सेल उचकटताना आणि नवा दाबून बसवताना आपण नकळत तीन गोष्टी करत असतो : सेलला टेकणाऱ्या धातूच्या पत्तीवरचा मळ घासला जातो, पत्ती थोडी हलून नव्या जागी टेकते आणि ती पत्ती बोर्डाला जिथे सोल्डर केलेली, म्हणजे वितळवलेल्या धातूने जोडलेली असते तिथे चीर असेल, तर तिच्या दोन्ही कडा काही काळ एकमेकींना चिकटतात. किल्ली सुरू होते ती या तीनपैकी एका कारणाने, आणि श्रेय मात्र सेलला मिळते. म्हणूनच, नवा सेल घालण्यापूर्वी काढलेलाच सेल पुन्हा त्याच जागी बसवून पाहावा, ही माझी पहिली आणि आग्रहाची सूचना आहे. त्याच जुन्या सेलवर किल्ली सुरू झाली, तर दोष सेलमध्ये नसून संपर्कात आहे हे एका मिनिटात कळते.

किल्ली उघडण्यापूर्वी

दोष किल्लीत आहे की गाडीत, हे आधी ठरवावे. गाडीसोबत मिळालेली दुसरी किल्ली यासाठी सर्वात उपयोगी आहे. दुसरी किल्लीही त्याच जागी, त्याच अंतरावरून चालत नसेल, तर दोन्ही किल्ल्या एकाच वेळी बिघडण्याची शक्यता फार कमी असते. अशा वेळी गाडीची बॅटरी, संबंधित फ्यूज, संदेश घेणारा रिसीव्हर किंवा नीट न लागलेले एखादे दार तपासावे लागते. तक्रार एकाच ठिकाणी येत असेल आणि इतरत्र गाडी व्यवस्थित उघडत असेल, तर त्या जागी दुसऱ्या एखाद्या उपकरणाच्या लहरींचा अडथळा आहे असे समजावे. बहुतेक रिमोट ३१५ किंवा ४३३.९२ मेगाहर्ट्झवर संदेश पाठवतात आणि यांपैकी ४३३.९२ च्या आसपास बिनतारी दारघंटा, हवामान मोजणारी उपकरणे आणि टायरमधील दाब सांगणारे सेन्सरही काम करत असतात. तक्रार काही दिवसांपूर्वी गाडीत काही नवे उपकरण बसवल्यानंतर सुरू झाली असेल, तर ते उपकरण काढून पाहावे. हलक्या प्रतीचे चार्जर आणि एलईडी दिवे रेडिओ लहरींमध्ये बराच गोंधळ घालतात.

दुसरी गोष्ट म्हणजे किल्लीच्या कवचात बहुधा दोन स्वतंत्र यंत्रणा असतात, आणि त्यांची गल्लत झाली की निदान पूर्ण चुकते. एक म्हणजे बटणे, सेल आणि ट्रान्समीटर असलेला रिमोट, जो दारे उघडतो आणि लावतो. दुसरी म्हणजे इमोबिलायझरचा ट्रान्सपॉन्डर, ज्याला सेल लागतच नाही. इग्निशनभोवतीच्या तारेच्या वेटोळ्यातून येणाऱ्या १२५ किंवा १३४.२ किलोहर्ट्झच्या क्षेत्रातूनच तो आपल्यापुरती ऊर्जा घेतो आणि आपली ओळख गाडीला सांगतो. ती ओळख पटली नाही तर गाडीचे इंजिन सुरू होत नाही. युरोपीय संघात १९९८ पासून नव्या गाड्यांना इमोबिलायझर सक्तीचा झाला आणि तेव्हापासून तिथल्या जवळजवळ प्रत्येक नव्या गाडीच्या किल्लीत असा ट्रान्सपॉन्डर आढळतो. यातून एक साधा निकष मिळतो. बटणे चालत नाहीत, पण किल्ली फिरवल्यावर गाडी सुरू होते, तर दोष रिमोटमध्ये आहे आणि तो घरी दुरुस्त होण्यासारखा असू शकतो. बटणांनी दारे उघडतात, पण गाडी सुरू होत नाही आणि किल्लीच्या चित्राचा दिवा लुकलुकत राहतो, तर दोष ट्रान्सपॉन्डरच्या बाजूला आहे आणि तिथे सेल किंवा बटणे बदलून काहीही उपयोग होणार नाही.

बटण दाबून सुरू होणाऱ्या गाड्यांच्या किल्लीतही हा सेलविना चालणारा ट्रान्सपॉन्डर बहुधा असतो. म्हणून सेल पूर्ण संपला तरी कवचात लपवलेले धातूचे पाते काढून दार उघडता येते आणि किल्ली स्टार्ट बटणाला किंवा गाडीच्या माहितीपुस्तिकेत दाखवलेल्या जागी टेकवून गाडी सुरू करता येते. दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी ही पर्यायी पद्धत एकदा प्रत्यक्ष करून पाहावी, कारण दुरुस्ती अर्धवट असताना गाडीची गरज पडली तर तीच कामी येते.

सेलची खरी परीक्षा

सेलवर छापलेल्या आकड्यांना नेमका अर्थ असतो. सीआर२०३२ म्हणजे २० मिलिमीटर व्यासाचा आणि ३.२ मिलिमीटर जाडीचा ३ व्होल्टचा लिथियम सेल. सीआर२०२५ चा व्यास तोच, पण जाडी २.५ मिलिमीटर, सीआर२०१६ ची जाडी १.६ मिलिमीटर. व्यास सारखाच असल्यामुळे २०३२ च्या जागी २०२५ बसतो, कवच लागते आणि किल्ली चालतेही, पण ०.७ मिलिमीटरची पोकळी राहते. खिशात किल्ली हलली की सेल हलतो आणि संपर्क तुटतो. पुन्हा पुन्हा येणाऱ्या तक्रारीचे हे इतके साधे कारण अनेकदा नजरेतून सुटते, म्हणून बोर्डावर किंवा कवचाच्या आतल्या बाजूला छापलेला क्रमांक वाचून सेलच्या क्रमांकाशी ताडून पाहावा. पोकळी भरण्यासाठी कागदाची घडी किंवा ॲल्युमिनियमचा कागद घालू नये. कागद दबून सैल होतो आणि धातूचा कागद सरकला तर सेलची दोन्ही टोके जोडली जातात.

व्होल्टेज मोजताना मल्टिमीटर डीसी २० व्होल्टच्या श्रेणीत ठेवावा. नवा सेल ३.२ ते ३.३ व्होल्ट दाखवतो. लिथियम सेलचे व्होल्टेज वापराच्या मोठ्या काळात जवळजवळ स्थिर राहते आणि शेवटी झपाट्याने घसरते, त्यामुळे कोणताही भार नसताना, म्हणजे सेलमधून प्रवाह घेतला जात नसताना, २.८ व्होल्टच्या खाली गेलेला सेल संपत आला आहे असे मानण्यास हरकत नाही. मात्र उलटे विधान खरे नाही : भाराविना ३ व्होल्ट दाखवणारा सेल चांगलाच असेल, असे नसते. सेल जुना झाला की त्याचा अंतर्गत रोध वाढतो आणि ट्रान्समीटर सुरू होताच व्होल्टेज कोसळते. थंडीत हा परिणाम अधिक जाणवतो, म्हणून पहाटे न चालणारी किल्ली दुपारी चालते. याची परीक्षा करण्यासाठी सेलच्या दोन्ही टोकांमध्ये ४७० ओहमचा रोधक (रेझिस्टर) क्षणभर जोडून व्होल्टेज पाहावे. अशा वेळी सुमारे ६ मिलिअँपिअर प्रवाह वाहतो. चांगला सेल ३ व्होल्टच्या आसपास टिकतो, २.५ च्या खाली जाणारा सेल, भाराविना कितीही चांगला आकडा दाखवत असला तरी, बदलावा. रोधक हाताशी नसेल तर सेल किल्लीतच ठेवून, मल्टिमीटरच्या सुया त्याच्या दोन्ही टोकांना लावून, बटण दाबताना आकडा किती खाली येतो ते पाहिले तरी पुरते.

नव्या सेलविषयी आणखी एक गोष्ट सांगायला हवी. लहान मुलांनी सेल तोंडात घातला तर तो लगेच थुंकावा, यासाठी काही उत्पादक सेलवर अतिशय कडू पदार्थाचा थर देतात. हेतू अत्यंत योग्य आहे, परंतु तो थर विजेला अडवतो आणि काही उपकरणांत पत्ती नेमकी त्या थरावर टेकल्यामुळे कोरा सेलही मृत भासतो. अशा वेळी पत्ती जिथे टेकते तेवढा भाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर केलेल्या कापडाने पुसावा. बोटांच्या तेलकटपणासाठीही हाच उपाय आहे. सेल धातूच्या चिमट्याने दोन्ही बाजूंनी पकडू नये, कारण तेवढ्यानेही तो शॉर्ट होतो.

किल्ली उघडणे

बहुतेक कवचांच्या कडेला एक छोटी खाच असते. तिथे प्लास्टिकची पातळ पट्टी किंवा कापडात गुंडाळलेला चपटा स्क्रूड्रायव्हर घालून हलकेच पीळ द्यावा. पुढे ढकलू नये, कारण बोर्डाची कड आणि त्यावरील बारीक घटक खाचेपासून काही मिलिमीटरवरच असतात. काही कवचांत लोगोखाली किंवा पात्याजवळ स्क्रू लपवलेला असतो, तो पाहिल्याशिवाय जोर लावू नये. काही कवचे कारखान्यातच चिकटवलेली किंवा वितळवून जोडलेली असतात. ती सांध्यावरून धारदार पात्याने हळूहळू कापावी लागतात आणि नंतर नवे कवच घ्यावे लागते. कवच उघडताच प्रत्येक टप्प्याचा मोबाइलवर फोटो काढावा, विशेषतः सेलची अधिक खूण कोणत्या बाजूला आहे आणि रबरी पॅड कसा बसला आहे याचा. त्याच क्षणी कवचाच्या दोन्ही भागांत एखादी काळी चपटी वडी किंवा काचेची बारीक नळी आहे का, हेही पाहून ठेवावे, कारण ट्रान्सपॉन्डर कधी बोर्डावर असतो आणि कधी असा कवचाच्या कोपऱ्यात सुटा बसवलेला असतो.

सेल काढल्याने किल्लीतील ओळख पुसली जाईल, अशी भीती अनेकांना वाटते. आजच्या बहुसंख्य किल्ल्यांत ती माहिती वीज नसतानाही टिकणाऱ्या स्मृतीत असते, म्हणून सेल काही दिवस बाहेर राहिला तरी बिघडत नाही. काही जुन्या किल्ल्यांना मात्र सेल बदलल्यानंतर गाडीशी पुन्हा जुळवून घ्यावे लागते. जुळवणीची रीत प्रत्येक गाडीची वेगळी असते, त्यामुळे ती माहितीपुस्तिकेतूनच घ्यावी.

सेल आणि बोर्ड यांमधला संपर्क

माझ्या अनुभवात पुन्हा पुन्हा येणाऱ्या तक्रारीचे मूळ सर्वाधिक वेळा इथेच सापडते, म्हणून या टप्प्यावर घाई करू नये. सेल पकडणाऱ्या पत्त्या दोन असतात : एक सेलच्या सपाट पृष्ठावर टेकते आणि दुसरी बहुधा कडेला. दोन्हींवर काळसर किंवा हिरवट डाग दिसत असतील, तर अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने ते पुसावेत. न निघाल्यास पेन्सिल खोडण्याच्या साध्या रबराने घासून पुन्हा अल्कोहोलने पुसावे. सँडपेपर वापरू नये, कारण पत्तीवरचा गंजरोधक मुलामा निघून जातो आणि काही महिन्यांत डाग अधिक वेगाने परततात. पत्ती सपाट झाली असेल तर ती मुळापासून अर्धा ते एक मिलिमीटर उचलावी; टोकाशी वाकवली तर दाब न वाढता फक्त घडी पडते. पत्ती एकदाच वाकवता येते असे धरून चालावे, पुन्हा पुन्हा वाकवल्यास ती तुटते.

यानंतर पत्ती बोर्डाला जिथे जोडली आहे ते सांधे पाहावेत. किल्ली दिवसातून अनेकदा दाबली जाते, टेबलावर टाकली जाते, जड जुडग्यासोबत लोंबकळत गाडीत हादरे खाते, आणि या सगळ्याचा ताण सेलच्या वजनासह त्या दोन-चार सांध्यांवर येतो. सांधा उखडत नाही, तर पायाभोवती केसासारखी गोल चीर पडते. नुसत्या डोळ्यांना ती दिसत नाही. भिंगाखाली, प्रकाश तिरपा धरून पाहिल्यास निरोगी सोल्डर गुळगुळीत उतरत्या कडेचे दिसते आणि तडकलेल्या सांध्यात पायाभोवती मंद, काळपट कडे दिसते. मोबाइलच्या कॅमेऱ्याने फोटो काढून तो मोठा करून पाहिला तरी बरेच काही कळते.

दिसले नाही म्हणून चीर नाही, असे समजू नये. ती हलवून सिद्ध करावी लागते. सेल काढून मल्टिमीटर कंटिन्युइटीच्या, म्हणजे जोड अखंड असेल तर बझर वाजवणाऱ्या, स्थितीत ठेवावा, एक सुई पत्तीच्या धातूला आणि दुसरी त्या पत्तीपासून निघणाऱ्या तांब्याच्या रेषेवरील पुढच्या घटकाला लावावी आणि लाकडी दातकोरणीने पत्ती चारही दिशांना हलके दाबावी. बझर अखंड वाजत राहिला तर सांधा ठीक आहे. मध्येच तुटला तर दोष सापडला. हीच परीक्षा दुसऱ्या पत्तीवर करावी. माझ्या किल्लीत अधिक बाजूच्या पत्तीचा एक पाय असा सुटलेला होता, आणि पत्ती सेलच्या दिशेने दाबली की तो टेकत होता. नवा सेल घालताना नेमका तोच दाब पडत असल्यामुळे किल्ली दर वेळी सुरू होत होती.

दुरुस्तीला बारीक टोकाचे, तापमान ठरवता येणारे सोल्डरिंग आयर्न, थोडा फ्लक्स (सोल्डर नीट वाहावे म्हणून लावायचा पदार्थ) आणि बारीक सोल्डर एवढेच लागते. आयर्न लावण्यापूर्वी सेल बाहेर काढलेला असलाच पाहिजे. लिथियम सेलला थेट उष्णता दिली तर तो फुटू शकतो. शिसेविरहित सोल्डर सुमारे २१७ अंश सेल्सिअसला वितळते आणि ६३ टक्के कथिल व ३७ टक्के शिसे असलेले १८३ अंशांना, म्हणून आयर्नचे टोक ३३० ते ३५० अंशांवर ठेवून सांध्याला दोन-तीन सेकंदच लावावे. आधी फ्लक्स लावावा, मग टोक पाय आणि बोर्डावरील तांबे दोन्हींना एकदम टेकवावे, थोडे नवे सोल्डर द्यावे आणि जुने-नवे एकत्र वाहताच टोक उचलावे. नुसते जुने सोल्डर वितळवून सोडले तर चीर वरून झाकली जाते आणि आत राहते. सोल्डर थंड होईपर्यंत पत्ती हलवू नये. शेवटी फ्लक्सचा अवशेष अल्कोहोलने स्वच्छ करावा. हे का महत्त्वाचे आहे ते पुढे येईलच. ज्यांनी याआधी सोल्डरिंग केलेले नाही, त्यांनी एखाद्या निकामी बोर्डावर दहा-बारा सांधे करून हात बसवावा आणि मगच किल्लीकडे वळावे.

एकच बटण चालत नसेल तर

लावण्याचे बटण चालते आणि उघडण्याचे नाही, अशी स्थिती असेल तर सेल, ट्रान्समीटर आणि गाडी या तिन्हींना निर्दोष समजावे. दोष त्या एका बटणाच्या मार्गात असतो. बहुतेक बोर्डांवर रबरी पॅडखाली चौकोनी टॅक्ट स्विच असतात, ज्यांच्या आत धातूची घुमटाकार चकती दाबली की संपर्क होतो. असे स्विच साधारणपणे लाखाच्या घरातील दाबांसाठी बनवलेले असतात. रोज दहा वेळा दाबले तरी दहा वर्षांत ३६,५०० दाब होतात. म्हणजे स्विच झिजून गेला असे म्हणण्यापेक्षा त्यात धूळ-ओलावा शिरला किंवा त्याचे सोल्डर तडकले असण्याची शक्यता अधिक आहे. बटण जोराने किंवा तिरपे दाबल्यावर चालत असेल तर सोल्डरचा संशय आणखी बळकट होतो.

परीक्षा सोपी आहे. स्विचला चार पाय असतात आणि त्यांतील दोन-दोन आतून जोडलेले असतात, म्हणून सुया कर्णावरील दोन पायांना लावाव्यात. न दाबता संपर्क नसावा आणि दाबल्यावर रोध एक-दोन ओहमच्या आत यावा. तो शेकडो ओहम दाखवत असेल किंवा आकडा थरथरत असेल तर स्विच आतून मळला आहे. अल्कोहोलचा एक थेंब कडेला सोडून तीस-चाळीस वेळा दाबल्याने काही स्विच सुधारतात, पण हा सुधार पुष्कळदा तात्पुरता ठरतो, म्हणून स्विच बदलणे मला अधिक योग्य वाटते. नवा स्विच घेताना लांबी-रुंदीइतकीच त्याच्या दांड्याची उंची महत्त्वाची आहे. दांडा अर्धा मिलिमीटर बुटका असेल तर बटण पोहोचत नाही, आणि तेवढाच उंच असेल तर कवच लावताच बटण कायमचे दाबले जाते. दुसऱ्या स्थितीत किल्ली सतत संदेश पाठवत राहून सेल एका दिवसात रिकामा करू शकते.

ज्या किल्ल्यांत टॅक्ट स्विच नसून रबराच्या खालच्या बाजूला काळी कार्बनची टिकली असते, तिथे टिकली आणि बोर्डावरील सोनेरी रेषा अल्कोहोलने हलकेच पुसल्या की बहुधा काम होते. रबर फाटले असेल तर कवचच बदलावे. फाटलेल्या रबरातून आत जाणारी धूळ दुरुस्त केलेला स्विचही पुन्हा बिघडवते.

सेल खरोखरच लवकर संपत असेल तर

मोजमापात दर वेळी सेल खरोखर रिकामा आढळत असेल, तर तक्रार वेगळी आहे आणि थोड्या हिशेबाने ती पकडता येते. सीआर२०३२ ची क्षमता सुमारे २२० मिलिअँपिअर-तास असते. बटण अडकून १० मिलिअँपिअर प्रवाह सतत वाहत असेल, तर सेल २२ तासांत संपेल. सेल दोन महिन्यांत संपत असेल, तर २२० ला १,४४० तासांनी भागल्यावर सरासरी सुमारे ०.१५ मिलिअँपिअर, म्हणजे १५० मायक्रोअँपिअर गळती होत आहे असे निघते. साधा बटणांचा रिमोट विश्रांतीत काही मायक्रोअँपिअरच घेतो, त्यामुळे हा आकडा स्पष्टपणे दोष दाखवतो. मोजण्यासाठी सेल आणि पत्ती यांच्यामध्ये कागदाची पट्टी सरकवून एक सुई सेलला, दुसरी पत्तीला लावावी आणि मल्टिमीटर मायक्रोअँपिअरच्या श्रेणीत ठेवावा. गळती आढळली तर बोर्डावर राहिलेला फ्लक्स, ओलाव्याचा थर किंवा अर्धवट दबलेला स्विच शोधावा. बोर्ड दोन्ही बाजूंनी अल्कोहोल आणि मऊ ब्रशने धुऊन, पूर्ण वाळवून पुन्हा मोजल्यावर आकडा खाली आला तर कारण सापडले.

खिशातून बाहेर न काढता दार उघडणाऱ्या किल्ल्यांचा हिशेब निराळा असतो. त्या गाडीकडून येणारी कमी वारंवारतेची हाक सतत ऐकत असतात आणि हाक आली की उत्तर देतात. अशी किल्ली उभ्या गाडीच्या अगदी जवळ, किंवा टीव्ही, संगणक आणि चार्जर यांच्या शेजारी ठेवली तर ती पुन्हा पुन्हा जागी होते आणि निर्दोष असूनही सेल लवकर संपवते. इथे दुरुस्ती नको, जागा बदलावी.

दिवा लागतो, पण गाडी ऐकत नाही

बटण दाबल्यावर किल्लीवरचा दिवा लागला म्हणजे संदेश गेला, हा समज चुकीचा आहे. दिवा फक्त आतला नियंत्रक जागा आहे एवढेच सांगतो. मोबाइलचा कॅमेरा समोर धरून तपासण्याची युक्ती टीव्हीच्या आणि काही जुन्या गाड्यांच्या अवरक्त किरणांवर चालणाऱ्या रिमोटसाठी ठीक आहे. रेडिओ लहरी कॅमेऱ्याला दिसत नाहीत. संगणकाला यूएसबीने जोडता येणारा छोटा सॉफ्टवेअर रेडिओ असेल, तर ४३३.९२ किंवा ३१५ मेगाहर्ट्झवर बटण दाबताक्षणी उठणारी रेषा स्पष्ट दिसते. दुसरी चांगली किल्ली असेल तर दोन्हींच्या रेषांची उंची आणि जागा यांची तुलना करावी. किल्ली पडल्यानंतर तक्रार सुरू झाली असेल आणि रेषा उठतच नसेल किंवा बरीच सरकलेली असेल, तर वारंवारता ठरवणारा स्फटिक किंवा रेझोनेटर तडकला आहे. त्याच आकड्याचा आणि त्याच आकाराचा घटक मिळाला तर तो बदलता येतो, परंतु हे काम सांधा डागण्यापेक्षा बरेच नाजूक आहे आणि ते अनुभवी हातांकडे द्यावे.

रेषा व्यवस्थित उठते, तरी गाडी प्रतिसाद देत नाही, असेही होते. रिमोट दर दाबाला नवा सांकेतिक संदेश पाठवतो आणि किल्ली व गाडी दोघीही एक गणक, म्हणजे संदेशागणिक वाढणारा आकडा, सांभाळतात. दीर्घकाळ प्रचारात असलेल्या कीलॉक (KeeLoq) या सांकेतिक पद्धतीत हा गणक १६ बिटांचा असतो. गाडी अपेक्षित आकड्याच्या पुढच्या १६ आकड्यांपर्यंतचा संदेश लगेच मान्य करते. त्याहून पुढे गेलेल्या किल्लीकडून, ती ३२ हजारांच्या मर्यादेत असेल तर, सलग दोन वैध संदेश आल्यावर ती पुन्हा जुळवून घेते. म्हणून मुलांनी खेळताना गाडीपासून दूर बटण पुष्कळ वेळा दाबले असेल, तर गाडीजवळ जाऊन दोनदा शांतपणे दाबल्याने अशा गाड्यांत काम होते. गणकाचा घोळ एकदा जुळला की संपतो, तो दर पंधरवड्याला परतत नाही. परतणाऱ्या तक्रारीत पुन्हा पुन्हा जुळवणी करत बसल्याने संपर्कातील खरा दोष लांबणीवर पडतो.

भिजलेली किल्ली आणि नवे कवच

किल्ली पाण्यात पडली किंवा कपड्यांसोबत धुतली गेली, तर ती चालते का हे पाहण्यासाठी बटण दाबू नये. सर्वात आधी सेल काढावा, कारण पाण्यापेक्षा, पाण्यातून वाहणारी वीज तांब्याच्या रेषा वेगाने खाते. साबणाचे किंवा खारट पाणी असेल तर बोर्ड ऊर्ध्वपातित पाण्याने धुऊन, मग अल्कोहोलने धुवावा आणि हवेशीर जागी एक-दोन दिवस वाळू द्यावा. तांदळात पुरून ठेवल्याने क्षार निघत नाहीत, उलट पिठूळ धूळ चिकटते.

कवच बदलताना होणारी एक चूक फार महाग पडते. नव्या कवचात बोर्ड आणि पाते हलवले जातात, किल्लीने दारे उघडतात, जुने कवच कचऱ्यात जाते आणि मग गाडी सुरू होत नाही, कारण कोपऱ्यात बसवलेला ट्रान्सपॉन्डर जुन्या कवचासोबतच गेलेला असतो. नव्या कवचात गाडी प्रत्यक्ष सुरू होईपर्यंत जुने कवच टाकू नये. ट्रान्सपॉन्डर चिकटवलेला असेल तर तो उचकटण्याऐवजी भोवतीचे प्लास्टिक कापून मोकळा करावा. काचेच्या नळीचा असेल तर विशेष जपावे, कारण ती फुटली की घरी काही करता येत नाही आणि नवा ट्रान्सपॉन्डर गाडीशी अधिकृतपणे जोडून घ्यावा लागतो. घडीच्या किल्लीतील पाते एका बारीक पिनेने अडकवलेले असते. पीन योग्य जाडीच्या ठोकणीने सरळ रेषेत बाहेर काढावी, तिरपा ठोका बसला तर पात्याचे छिद्र रुंदावते.

दुरुस्तीनंतर कवच लावण्यापूर्वी आणि लावल्यानंतर, दोन्ही वेळा प्रत्येक बटण वीस वेळा दाबून पाहावे आणि गाडी किती पावलांवरून ऐकते ते मोजून लिहून ठेवावे. माझी किल्ली सांधा डागल्यावर, चौथा नवा सेल न घालता, काढलेल्या त्याच सेलवर सुरू झाली आणि अकरा महिन्यांनंतरही तोच सेल तिच्यात आहे. सेलवर बसवल्याची तारीख मार्करने लिहिण्याची सवय मी तेव्हापासून लावून घेतली, कारण पुढच्या वेळी तक्रार आली तर सेल किती दिवस टिकला हे अंदाजाने सांगावे लागत नाही.

या कामात काढलेले सेल टेबलावर सुटे ठेवू नयेत. किल्लीसाठी निकामी झालेल्या सेलमध्येही शरीराला इजा करण्याइतकी वीज उरलेली असते. लहान मुलाने तो गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांतही आतून गंभीर भाजू शकते, आणि सुरुवातीला मूल फक्त लाळ गाळते किंवा खायला नको म्हणते. असा नुसता संशय आला तरी लक्षणांची वाट न पाहता तत्काळ रुग्णालयात न्यावे. काढलेल्या सेलच्या दोन्ही बाजूंना लगेच चिकटपट्टी लावावी, तो झाकणाच्या डब्यात ठेवावा आणि इलेक्ट्रॉनिक कचरा स्वीकारणाऱ्या केंद्रात द्यावा.